धाकटीची बोंबपरीक्षा

आजोबा गेले की धाकटीचा फोन वाजायचा. आणि आजोबा आठवड्यातून एकदा तरी जायचेच. धाकटी जिथे असेल तिथून त्यांना उठवायची आणि मग गार झालेला चहा नव्याने गरम करून प्यायची. समोरच्या नव्या बिऱ्हाडाने एकदा जिन्यात तिचं बोलणं ऐकलं. "आजोबा पुन्हा गेले का? बरं, हात लावू नका. जरा वेळ तसेच पडू द्या, मग मी येऊन उठवते." त्या दिवसापासून ती माणसं या घराशी हसण्यापलीकडे गेली नाहीत, आणि हसायची तीही दाराला साखळी लावून.

आता आजोबा म्हणजे कुणी हाडामांसाचा म्हातारा नव्हे. आजोबा म्हणजे संगणकावरचा एक प्रोग्रॅम. धाकटी ज्या धुलाई कंपनीत नोकरीला होती, ती कंपनी शहरभरच्या रुग्णालयांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल धुऊन पोचवायची. कुठल्या गाडीत किती चादरी भरायच्या आणि ती गाडी कुणाच्या दारात जायची, हे रोज पहाटे आजोबा ठरवायचे आणि यादी छापून द्यायचे. त्यांना जन्माला घालणारा गृहस्थ कधीच निवृत्त होऊन बागेत गुलाब लावत बसला होता. त्याच्या मागे आजोबांची नाडी कळणारं माणूस एकच, ते म्हणजे धाकटी. ऑफिसात तिला सगळे 'नातबाई' म्हणायचे.

नातबाईंच्या सेवेच्या गोष्टी तर अशा, की सांगणाऱ्यालाच घाम फुटावा. चुलत बहिणीच्या लग्नातला एकही फोटो असा नाही, ज्यात नवरानवरीच्या मागच्या टेबलाखालून दोन पावलं बाहेर आलेली नाहीत. ती धाकटीची. आजोबा ऐन लग्नात गेले होते. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत आडवी, तोंडाचा आ केलेला, आणि पोटावर संगणक ठेवून ही टाइप करतेय. डॉक्टर हातात यंत्र धरून इतका वेळ थांबले, की शेवटी कंटाळून त्यांनी आपल्या दवाखान्याचं बिघडलेलं वेळापत्रक तिच्याचकडून नीट करून घेतलं. दात राहिला तो राहिलाच.

हे सगळं तिला आवडत नव्हतं असं कोण म्हणेल? पण तिच्या मनात एक सल होता. तिच्या मजल्यावर काचेची एक खोली होती. कंपनीतली मोठी माणसं तिथे बसून धंद्याचे बेत करायची आणि मध्येच धाकटीला आत बोलवायची. "हे संगणकावर होईल का?" एवढंच विचारायची. ही 'होईल' किंवा 'नाही होणार' म्हणायची, ते 'आभारी आहोत' म्हणायचे, आणि दार लागायचं. एक दिवस तिच्या तोंडून निघून गेलं, "होईल हो, पण करायचं कशाला?"

सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. मग एकजण हसून म्हणाला, "ते आम्ही बघतो ना."

धाकटी बाहेर आली. काचेतून आतली तोंडं हलताना दिसत होती, शब्द एकही येत नव्हता. तिथेच तिने ठरवलं, की आपल्याला आत बसायचंय, आणि आत बसून 'कशाला' हे विचारायला काय शिकावं लागतं ते शिकायचंय. बिझनेस स्कूलला जायचं.

प्रवेशपरीक्षा तिने खेळता खेळता दिली. निकाल इतका चांगला लागला की मामाने तो केस कापायच्या दुकानात नेऊन वाचून दाखवला आणि खुर्चीवरच्या अनोळखी गिऱ्हाइकाकडून पाठ थोपटून घेतली. मामा विमा विकायचा, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याला बोलता येत असे. राहिल्या होत्या दोनच गोष्टी. एक निबंध, आणि एक वरिष्ठांचं शिफारसपत्र.

"मोठं लिही," मामाने सांगितलं. "छोटं लिहिणाऱ्याकडे कोणी मान वर करून बघत नाही."

धाकटीने मोठं लिहिलं. आजोबा कसे पडतात, ती कशी धावते, कित्येक वर्षांत तिने सलग सुट्टी कशी घेतली नाही, आणि तिच्याशिवाय शहरातली निम्मी रुग्णालयं उघड्या गाद्यांवर कशी झोपतील. मामाने ते मोठ्याने वाचलं आणि शेवटाला आवाज कातर केला.

आई भाजी निवडत होती. "एवढं सगळं तुझ्यावर आहे?" ती म्हणाली. "मग तुझे साहेब तुला अजून 'अहो, त्या संगणकवाल्या' का म्हणतात?"

"आई, तुला नाही कळायचं."

"मला नाही कळत, म्हणून तर विचारतेय."

संध्याकाळी दादा-वहिनी आले. वहिनी बिझनेस स्कूलमधूनच शिकून बाहेर पडलेली, आता बुटांच्या कारखान्यात उत्पादन बघायची. कारखान्यातला प्रत्येक नवा नमुना आधी ती स्वतःच्या पायात घालून आठवडाभर फिरायची, त्यामुळे ती येण्याआधी तिच्या बुटांची करकर यायची. तिने निबंध हातात घेतला, उभ्याउभ्याच वाचला, आणि पायातला बूट काढून टाच चोळत म्हणाली, "वन्सं, छान लिहिलंय हो."

वहिनी तिला 'वन्सं' म्हणाली की धाकटी सावध व्हायची. एरवी ती 'अगं'वरच भागवायची.

"पण?"

"पण मी परीक्षक असते, तर पहिल्या पानावर डोळे पुसले असते आणि दुसऱ्या पानावर अर्ज बाजूला ठेवला असता."

"का म्हणून?"

"तू दोन वर्षं आमच्याकडे शिकायला येणार. इकडे तुझ्याशिवाय एक दिवस चालत नाही. म्हणजे तुला जागा दिली की आजारी माणसं चादरीविना. एवढं पाप आम्ही कशाला घ्यायचं?"

"थट्टा नको करूस."

"थट्टा नाही ग. संगणकवाल्यांचे निम्मे अर्ज असेच असतात. अमुक बंद पडलं, मी उठवलं. तमुक पेटलं, मी विझवलं. बिझनेस स्कूलला असा माणूस हवा असतो, जो गेल्यावरही त्याने उभं केलेलं काम उभं राहतं. तुझ्या या पानांत तू आणि आजोबा सोडून तिसरं कुणी आहे का? बघ शोधून."

धाकटीने शोधलं नाही. तिने कागद ओढून घेतले आणि पुढचे दोन दिवस वहिनीशी बोलली नाही. फोनवर दादाला सांगायची, 'तुझ्या बायकोला सांग', आणि पलीकडून वहिनी म्हणायची, 'ऐकलं म्हणावं'. पण तिसऱ्या दिवशी बसमध्ये उभी असताना तिने निबंध पुन्हा काढला आणि तिसरं माणूस शोधलं. सापडलं नाही. एका ओळीत 'इतर कर्मचारी' असं होतं, तेही चूक करताना.

तरी शिफारसपत्र लागणारच होतं. ती साहेबांकडे गेली. साहेब माणूस सज्जन होता, पण काळजीखोर असा, की आकाश निरभ्र असलं तरी छत्री हातात ठेवायचा, आणि ढग आले तर दोन.

"शिफारस? आनंदाने," साहेब म्हणाले. मग त्यांचा हात बिस्किटाच्या डब्यावर तसाच थांबला. "म्हणजे तुम्ही जाणार?"

"जागा मिळाली तर."

"आणि आजोबा?"

धाकटी टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

"हे बघा नातबाई, मी खोटं बोलणार नाही. तुम्ही गेलात तर माझी झोप गेली. पत्र लिहायला बसेन, पण पेन उचलेल असं वाटत नाही. पुढच्या वर्षी बघू या का?"

साहेबांचं 'पुढचं वर्ष' सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. नवा पंखा पुढच्या वर्षी यायचा होता, आणि तो यायचा होता तेव्हापासून दोन माणसं निवृत्त झाली होती. अर्जाची मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरीला संपत होती, आणि हे पत्र नसेल तर निबंधात सोन्याची अक्षरं असून उपयोग नव्हता. धाकटीला एकाएकी सुचलं.

"साहेब, तळघरातलं ते यंत्र आठवतं?"

आता ही बोंबपरीक्षा म्हणजे काय, ते सांगायला हवं. संगणकाच्या धंद्यात कुठल्या तरी कोपऱ्यात एखादं जुनं यंत्र वर्षानुवर्षं घुरघुरत असतं. ते काय करतं, कुणासाठी करतं, कुणाला माहीत नसतं. बंद करायची कुणाची छाती होत नाही. मग जाणते लोक काय करतात, तर गुपचूप त्याची तार उपसतात आणि कान देऊन बसतात. कुणी बोंब मारली, तर ते यंत्र कुणाचं होतं ते कळतं. कुणीच नाही मारली, तर यंत्र भंगारात. धुलाई कंपनीच्या तळघरात धाकटीने अशी तार उपसली होती. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी रखवालदार बोंबलत वर आला. त्या यंत्राच्या गरम पाठीवर तो इतकी वर्षं आपले मोजे वाळवत होता. यंत्र भंगारात गेलं, आणि मोज्यांसाठी खिळ्याला दोरी बांधून मिळाली.

"तीच परीक्षा माझी घ्या," धाकटी म्हणाली. "एक आठवडा मी सुट्टीवर. फोन बंद. माझ्या नावाने बोंब झाली नाही, तर तुम्ही पत्र लिहायचं."

साहेबांनी बिस्किट उचललं, पुन्हा ठेवलं. "आणि झाली तर?"

"तर यंदा अर्ज नाही करणार."

शब्द बाहेर पडला आणि तिलाच तो परत घ्यावासा वाटला. पण साहेबांनी तोवर हात पुढे केला होता, आणि तो धरण्यावाचून इलाज नव्हता.

तयारीला तीन आठवडे मिळाले. धाकटीने पहिला आठवडा संगणकवाल्यांच्या रीतीप्रमाणे वाया घालवला. तिने आजोबांवर एक ग्रंथ लिहिला. आजोबा पडण्याचे प्रकार, उपप्रकार, अपवाद, अपवादांचे अपवाद, आकृत्या. ग्रंथ तिने चष्म्याच्या टेबलावर ठेवला. चष्मा म्हणजे तिचा शेजारचा सहकारी. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा शोधण्यात त्याची सकाळ जायची. चार दिवसांनी ती बघायला गेली तेव्हा ग्रंथ जागेवर होता, फक्त त्याच्यावर संगणकाचा मॉनिटर ठेवला होता.

"उंची अगदी नेमकी आली," चष्मा कृतज्ञतेने म्हणाला. "मानेचं दुखणं गेलं माझं."

धाकटीने शेवटी वहिनीला फोन केला.

"आमच्याकडे शिवणयंत्रावर नवीन माणूस बसला," वहिनी म्हणाली, "की शिकवणाऱ्याला आम्ही सांगतो, हात स्वतःच्या मांडीखाली ठेव. हात मोकळे असले की शिकवणारा स्वतःच शिवतो आणि शिकणारा बघत राहतो. बघून कुणाला बूट शिवता आलाय?"

मग ऑफिसात असं दृश्य दिसू लागलं, की चष्मा आजोबांसमोर बसलेला, त्याच्या एका बाजूला मुकादमबाई, आणि दुसऱ्या बाजूला धाकटी, दोन्ही हातांवर बसलेली. मुकादमबाई गाड्यांत माल भरायच्या धक्क्यावरच्या प्रमुख. त्यांचा आवाज असा, की त्यांनी 'मागे घे' म्हटलं तर शेजारच्या कारखान्यातल्या गाड्याही मागे यायच्या. आजोबा पडले की फोन करायच्या त्याच.

पहिल्या दिवशी धाकटीने आजोबांना मुद्दाम पाडलं. चष्म्याने एक बटण दाबलं, मग दुसरं, मग चष्मा पुसला. योग्य बटण समोर होतं. धाकटीचा जीव वरखाली होत होता.

"ते डावीकडचं," तिच्या तोंडून गेलं.

"ए नाते," मुकादमबाई म्हणाल्या, "तोंडही मांडीखाली ठेव."

चष्म्याला जमायला दुपार झाली. धाकटी दोन मिनिटांत करायची. पण जमलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याहून लवकर जमलं. चौथ्या दिवशी मुकादमबाईंनी चष्म्याला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, पण बोट पडायचं ते शिक्का मारल्यासारखं.

"बाई, हे तुम्हाला येत होतं तर इतकी वर्षं मला फोन का करत होता?" धाकटीने विचारलं.

"येत कुठे होतं? आत्ता शिकले."

"पण कधी शिकावं असं वाटलं नाही?"

मुकादमबाईंनी मान वळवून तिच्याकडे नीट बघितलं. "खरं सांगू? तू यायचीस किती आनंदाने. धापा टाकत, केस विस्कटलेले, पण चेहऱ्यावर असं तेज. आम्हाला वाटायचं, पोरीचा हिरमोड कशाला करा."

धाकटी यावर हसली. पण हसताना तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि घरी जाताना बसमध्ये ती एक थांबा पुढे गेली.

ठरलेल्या सोमवारी वहिनीने तिचा फोन बंद केला, बुटाच्या खोक्यात घातला, आणि खोकं आपल्या घरी नेऊन कपाटात ठेवलं. सुट्टी सुरू झाली.

पहिल्या दिवशी धाकटीने घरातली दारावरची घंटा दुरुस्त केली. ती बिघडलेली नव्हती. दुरुस्तीनंतर मात्र तिला वारा लागला तरी ती वाजू लागली, आणि आई दिवसभर दाराशी जाऊन येऊ लागली. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघरातले डबे वापराच्या क्रमाने लावले, त्यात मीठ कुठल्या क्रमाला गेलं ते कुणालाच सापडेना. तिसऱ्या दिवशी मामा आला. तिने त्याच्या विम्याच्या गिऱ्हाइकांची नावं संगणकावर अशी काही मांडून दिली, की वारलेल्या गिऱ्हाइकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, आणि एकाच्या विधवेने मामाला उलट शुभेच्छा पाठवल्या.

"या घरात सगळं चाललं होतं ग," आई म्हणाली. "तू घरी बसल्यापासून एकेक बंद पडायला लागलंय."

पाचव्या दिवशी वहिनी जेवायला आली होती. धाकटी घास हातात धरून खिडकीकडे बघत होती. अचानक तिने ताट सारलं. "पण कुणीच कसं विचारत नाही मला? पाच दिवस झाले. आजोबा पडले नसतील असं होणारच नाही. निदान कुणी घरी येऊन तर बघेल, की ही जिवंत आहे का. इतकी वर्षं मी ..."

तिचा आवाज चढत गेला आणि मध्येच थांबला. सगळे तिच्याकडे बघत होते. वहिनीने शांतपणे घास गिळला.

"ऐकलीत ना बोंब?" ती म्हणाली.

आई पदराआड हसली. दादा उघड हसला. धाकटी आधी रागावली, मग तिच्या लक्षात आलं, की पाच दिवस तार उपसलेल्या यंत्रासाठी बोंबलणारं माणूस सापडलं ते हेच. ती हसू लागली ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"ही धरायची का ग अटीत?" तिने डोळे पुसत विचारलं.

"घरातली धरत नाहीत," वहिनी म्हणाली.

रविवारी संध्याकाळी खोकं परत आलं. धाकटीने फोन चालू केला आणि तो हातातच थरथरायला लागला. न घेतलेले फोन ओळीने वर येत होते. सगळे एकाच माणसाचे. सगळे बुधवारी सकाळचे. साहेबांचे.

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. बोंब झाली होती. एकदा नव्हे, लागोपाठ. वहिनी काहीतरी बोलत होती, ते तिला त्या काचेच्या खोलीतल्या माणसांसारखं नुसतं हलणारं तोंड दिसत होतं.

सकाळी ती आधी धक्क्यावर गेली. मुकादमबाई एका गाडीला मागे घेत होत्या.

"काय झालं बुधवारी?" धाकटीने विचारलं.

"काय व्हायचंय? आजोबा गेले."

"मग?"

"मग चष्मा उठवायला बसला. पहिल्यांदा उठवले ते गेल्या वर्षीची यादी घेऊन उठले. पुन्हा झोपवले. नीट उठायला दुपार झाली. पण गाड्या काय दुपारपर्यंत उभ्या ठेवणार होते मी? फोन घेऊन बसले आणि एकेका गिऱ्हाइकाला विचारलं, आज किती चादरी हव्यात ते सांगा."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. घसा बसला माझा, पहिल्यांदाच. हाडांच्या रुग्णालयात घोटाळा झाला, तिथे हॉटेलचे जाड टॉवेल गेले. एक पेशंट आता घरी जायला तयार नाही म्हणतात. पण ऐक, त्या बाळंतिणींच्या रुग्णालयातली मोठी सिस्टर काय म्हणाली? म्हणाली, निम्म्याच पाठवा. म्हटलं, आज निम्म्या? म्हणाली, रोजच निम्म्या. आमच्या कपाटांत चादरी छताला लागल्यात. जुनं हॉटेल आहे ना कोपऱ्यावरचं, ते उलट म्हणालं, आम्हाला रोज कमी पडतात, आम्ही बाजारातून आणतो. माझ्या गाड्या त्या दिवशी निम्म्या भरल्या आणि तरी कुणाची तक्रार नाही."

धाकटी गाडीच्या चाकाजवळ उभी होती, तशीच राहिली. कुणाला किती चादरी, ते आकडे आजोबांच्या पोटात कधीचे होते, तिला ठाऊक होतं. गुलाबवाल्या गृहस्थाने घालून ठेवलेले. तिने ते जिवापाड सांभाळले होते. दाताच्या डॉक्टरकडून, लग्नाच्या टेबलाखालून, प्रत्येक वेळी ते चुकीचे आकडे तिने बिनचूक परत उठवले होते.

"इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं कसं नाही?"

"कधी सांगणार? तू आलीस की आजोबा उठायचे, यादी निघायची, गाडी सुटायची. विचारायला तुला वेळ नव्हता, सांगायला मला."

साहेबांच्या खोलीत ती शिरली तेव्हा साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. छत्री हातात होती.

"फोन बघितलात?" त्यांनी न वळता विचारलं.

"बघितला."

"मुकादमबाईंनी शेवटी माझ्या हातातून फोन काढून घेतला. संध्याकाळी परत दिला. या वयात."

"अट अटच आहे, साहेब," धाकटी म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला. "बोंब झाली. मी यंदा अर्ज करत नाही. पण बोंबपरीक्षेत एक विचारायचं असतं, ते तेवढं विचारते. बोंब मारणाऱ्याला त्या यंत्राचं काय लागत होतं?"

"म्हणजे?"

"बुधवारी तुम्हाला माझ्याकडून काय हवं होतं?"

साहेब वळले. त्यांनी खरोखर विचार केला. "गाड्या सुटत होत्या," ते हळूहळू म्हणाले. "चष्मा काम करत होता. बाई तर मला खोलीत उभंही राहू देत नव्हत्या. तसं बघितलं तर ... काही नको होतं. तुम्ही 'होतंय, काळजी करू नका' म्हणावं, एवढंच."

"म्हणजे आजोबांसाठी नव्हतं."

"नाही. माझ्यासाठी होतं." ते खुर्चीत बसले, छत्री टेबलाला टेकवून ठेवली, आणि स्वतःशीच हसले. "मोजे वाळवत होतो मी, नातबाई. त्यासाठी एका माणसाला इथे जन्मभर अडकवून ठेवायचं, हे काही बरं नाही. पत्र लिहितो. पण बोंब मारणारा मीच होतो, हेही त्यात लिहीन. नाहीतर पत्र अर्धंच खरं होईल."

"लिहा," धाकटी म्हणाली, आणि त्यांच्यापुढे कागद सरकवला.

मुदतीला थोडे दिवस उरले होते. धाकटीने तो मोठा निबंध टाकून दिला. त्या दिवसांत ती, चष्मा आणि मुकादमबाई मिळून गिऱ्हाइकांना विचारत सुटले होते आणि आजोबांच्या पोटातले जुने आकडे एकेक करून बदलत होते. रात्रपाळीची एक गाडी कमी झाली होती. काचेच्या खोलीतल्या माणसांनी ती का कमी झाली हे विचारायला मुकादमबाईंना आत बोलावलं, तेव्हा बाई धाकटीला दंडाला धरून सोबत घेऊन गेल्या आणि दोघी शेवटपर्यंत बसल्या. धाकटीने नव्या निबंधात हे लिहिलं. आपण एक चूक किती कौशल्याने वर्षानुवर्षं जिवंत ठेवली तेही लिहिलं, आणि ती आपल्या गैरहजेरीत कशी सापडली तेही.

मामाने वाचून कपाळाला हात लावला. "यात तू काय केलंस? घरी बसलीस आणि घंटा बिघडवलीस. हे परीक्षकांना सांगायचं?"

"घंटेचं नाही लिहिलं मामा."

"तेवढीच बुद्धी."

वहिनीने खुर्चीत बसून वाचलं. पेन्सिल कानाला अडकवली होती, ती काढली नाही. शेवटचं पान उलटून तिने विचारलं, "या मुकादमबाई नोकरी बदलतील का ग? आमच्याकडे जागा आहे."

धाकटीला कळलं, निबंध झाला. तिने तो त्याच संध्याकाळी पाठवला.

मुलाखतीचं बोलावणं आलं ते एका साध्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. दिवस बिझनेस स्कूलने ठरवून दिला होता, दोन आठवड्यांनंतरचा सोमवार. धाकटीने तो बघितला आणि हातातला घास परत डब्यात ठेवला. नेमक्या त्याच दिवशी आजोबांना जुन्या यंत्रावरून उचलून नव्या यंत्रावर न्यायचं ठरलेलं होतं. असं काम दहा वर्षांतून एकदा येतं. बोलावण्याखाली एक ओळ होती, की अडचण असल्यास तारीख बदलून मागता येईल. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. मग तिने फोन खिशात टाकला आणि जिना उतरून धक्क्यावर गेली.

"बाई, त्या सोमवारी मी नसेन. मुलाखत आहे."

"बरं," मुकादमबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष गाडीकडे होतं.

"आजोबांना हलवायचंय त्या दिवशी."

"माहीत आहे की. चष्मा आहे, मी आहे. साहेबांना मी सकाळीच जेवायला बाहेर पाठवणार आहे." त्यांनी तिच्याकडे एक नजर टाकली. "आणि तू नसलेलीच बरी. तू मध्ये मध्ये करतेस."

धाकटीने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"बाजूला हो ग," बाई म्हणाल्या. "गाडी मागे येतेय."

धाकटी बाजूला झाली. गाडी तिच्या पुढून सावकाश मागे आली आणि धक्क्याला टेकली. माणसं चादरींचे गठ्ठे चढवू लागली. ती क्षणभर बघत राहिली, मग फोन काढला आणि तिथेच उभ्याउभ्या बिझनेस स्कूलला कळवलं, की दिलेल्या तारखेला ती येत आहे.